बटनावरचा अंगठा

हे कुणाच्या हाती पडलं तर आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते मला अजून समजत नाही, आणि माझ्या अक्षराला तर माझी मुलगीच कोंबडीचे पाय म्हणते. तिच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन बसले आहे. लिहिते आहे कारण आज माझा घरचा दिवस आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवून पडल्या आहेत. आणि माझी जाऊ दुकानात आहे.

हेच मला सोसत नाही. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, आणि हे तर घरातही कुणाला सांगता येत नाही. म्हणून कागदावर.

आमचं दुकान म्हणजे मोटारसायकल दुरुस्तीचं पत्र्याचं शेड. मुखेडच्या बसस्टँडपासून थोडं पुढं, लिंबाखाली. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, मीही तेच लिहिते. लग्न होऊन मी उमरीहून इथं आले तेव्हा दुपारी मालकांची भाकरी घेऊन दुकानात जायची आणि डबा रिकामा होईस्तोवर उभी राहायची. उभ्या माणसाला काम चिकटतंच. आधी पाना दे, मग पार्ट धू, मग टॉर्च धर, मग बटन दाब. त्यातलं बटन कायमचं माझ्याकडं राहिलं.

सेल्फचं बटन उजव्या मुठीजवळ असतं. ते दाबलं की बॅटरीची वीज मोटरीत जाते, मोटर इंजिनाला फिरवते आणि गाडी चालू होते. गाडी चालू होत नसली की मालक खाली बसून इंजिनाकडं कान करतात आणि म्हणतात, "मार." मी अंगठ्यानं बटन दाबते. "बस" म्हणाले की सोडते. किती वेळ दाबून धरायचं ते त्यांनी मला कधी शिकवलं नाही. जास्त धरलं तर मोटर तापते आणि बॅटरी बसते. कमी धरलं तर त्यांच्या कानाला काही सापडत नाही. पुढं पुढं असं झालं की त्यांनी "बस" म्हणायच्या आधीच माझा अंगठा सुटायचा. आम्ही दोघंही घरात फार बोलणारे नाही. दिवसभरात तेवढं "मार" झालं की मला पोटभर बोलल्यासारखं वाटायचं.

बटन दाबता दाबता माझाही कान तयार झाला. बॅटरी उतरलेली असली की इंजिन चढावर दमलेल्या बैलासारखं चालतं. एक पाऊल टाकतं, थांबतं, दुसरं टाकतं. बॅटरीची वीज मोटरीकडं सोडणारा रिले गेला असला की नुसतं कट-कट वाजतं, पुढं काही नाही. मोटरीतले कार्बन, म्हणजे आत घासणारे काळे तुकडे, झिजले असले तर कधी फिरेल, कधी रुसेल, आणि मोटरीवर हातोडीचा दांडा हळूच मारला की पुन्हा फिरेल. हे सगळं मला कळायचं, पण मला कुणी विचारायचं नाही आणि मी आपणहून बोलायची नाही. मालक जे म्हणायचे तेच माझ्या मनात आधी आलेलं असायचं, आणि तेवढ्यावर मी खूश होते.

मग लातूरवाली आली.

आमच्या घरात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. मी उमरीवाली. धाकट्या दिराची बायको लातूरवाली. दीर लातूरलाच एका गोडाऊनवर कामाला आहे. शेटनं त्याला रात्री तिथंच झोपून राखण करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी भाड्याची खोली सोडली आणि ती मुखेडला आमच्यात राहायला आली. ती दहावी पास. बायकांसाठी गाडी दुरुस्तीचा कोर्स निघाला होता तो तिनं केलेला, आणि मग एका वर्कशॉपात कामही केलेलं. येताना तिच्या पिशवीत दोन साड्या, एक पोळपाट आणि एक पिवळा डबा होता. डब्याला लाल आणि काळी अशा दोन वायरी. त्याला मीटर म्हणतात हे मला माहीत होतं. मालकांकडंही जुना होता, पण त्याचा काटा कधीचा मोडलेला.

"मी पण येऊ का दुकानात, अक्का?" तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं. न्हाई म्हणायला मी कोण?

आता आमच्यातली एक रीत सांगावी लागेल. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. भायासमोर धाकट्या सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर थोरल्या जावेमार्फत. तसं लातूरवाली दुकानात आली ती पदर घेऊन, आणि माझ्या मागं पोत्यावर बसली. ती मला सांगायची, मी मालकांना सांगायची. मालकही तिच्याकडं न बघता म्हणायचे, "तिला म्हण, त्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाच." ती दोन हातांवर. तिला सगळं ऐकू गेलेलं. तरी मी मान वळवून सांगायची, "खोक्यावरचं वाच म्हणतेत."

समोरच्या चहावाल्या म्हाताऱ्याला याची लई गंमत वाटायची. "वहिनी," तो म्हणायचा, "तुमच्या दुकानात टपाल चालतंय का काय? एक तिकीट आम्हाला पण लावा की!"

मी लाजून खाली बघायची. पण खरं सांगते, मला ते टपाल आवडत होतं. तिचं हुशारीचं बोलणं असो नाहीतर मालकांचं विचारणं, माझ्या तोंडातून गेल्याशिवाय पुढं जात नव्हतं.

तरी पोटात दुखायला सुरुवात झालीच होती. मालक जरा अडले की म्हणायला लागले, "तिला विचार." इतकी वर्षं मी तिथं उभी, मला कधी "तुला काय वाटतं" असं नाही. चहा आला की "तिला पण दे" असं म्हणायचे. अहो, मी काय तिला चहा देणार नव्हते?

अशात तो दूधवाला आला.

बिलोली रोडवरच्या खेड्यातला. पहाटे घरोघरचं दूध गोळा करायचं आणि मुखेडच्या हॉटेलांना घालायचं, हा त्याचा धंदा. गाडीच्या दोन्ही अंगाला मोठाले कॅन. ते अडकवायला वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतलेली. त्या चौकटीचा पाय किकच्या आड यायचा, म्हणून त्यानं किक काढून घरी ठेवली होती. म्हणजे गाडीची सगळी मदार सेल्फवर.

"काय सांगू भाऊ," तो म्हणाला, "सकाळी गाडी उठतच न्हाई. नव्या नवरीला उठवावं तसं उठवावं लागून राहिलं."

मालक खाली बसले. "मार."

मी मारलं. दमलेला बैल. माझा अंगठा सुटला आणि मालक म्हणाले, "बॅटरी."

त्यात काही चूक वाटण्यासारखं नव्हतंच. दूधवाला दारोदार थांबतो. दर दाराला गाडी बंद, दर दाराला सेल्फ. बॅटरी भरायला गाडी पळावी लागते, ती पळतेच कुठं? त्याची बॅटरी जुनीही होती. त्यानं तोंड वाकडं केलं, पण नवी बॅटरी घातली आणि गेला.

आठवडा उलटला नाही तोच परत. "भाऊ, तेच की हो. नवी बॅटरी खाऊन बी ही कण्हतेच."

दुकानात चार-पाच माणसं उभी होती. माझ्या मागून लातूरवाली हळूच म्हणाली, "अक्का, त्यांना म्हणावं, मीटर लावा. पण सेल्फ मारताना लावायचं. एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाला. आकडा किती येतोय ते बघायचं."

एवढं लांब वाक्य. चार-पाच परक्या माणसांसमोर एवढं लांब बोलणं माझ्या तोंडातून निघत नाही. आणि मीटर म्हटलं की बॅटरीलाच लावतात, एवढंच मला ठाऊक. मी म्हणाले, "मीटर लावून बघा म्हणते."

मालकांनी तिचं मीटर घेतलं आणि दोन्ही वायरी बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. गाडी गप्प उभी. "साडेबारा," ते म्हणाले. "बॅटरी एकदम चांगली हाय. मग काय असंल?" आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं नाही, माझ्याकडं. "तू मारलंस ना? काय वाटलं हाताला?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. "कार्बन," मी म्हणाले.

मालकांनी मोटर खोलायला घेतली. मागं लातूरवाली चुळबुळ करत होती, पण भायाला हाक मारायची रीत नाही आणि मी पाने देण्यात गुंतलेली. मोटरीतले कार्बन खरंच थोडे झिजले होते. कुठल्याही जुन्या गाडीत झिजलेलेच असतात, ते मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं माझा कान जिंकला. नवे कार्बन बसवले, तोवर बॅटरी चार्जिंगला लावली होती ती भरली, आणि त्या जोरावर सेल्फ मारला तर गाडी चटकन उठली. दूधवाल्यानं पुन्हा पैसे मोजले. त्या दिवशी घरी जाताना मी लातूरवालीच्या पुढं चालत होते.

मग बाजारचा दिवस आला. बाजारच्या दिवशी आमच्या शेडसमोर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून दूधवाला गाडी ढकलत आला, घामानं भिजलेला. मधल्या एका गावात गाडी बंद पडली ती उठलीच नाही. उन्हात एक कॅन नासला होता. आंबूस वास लांबूनच यायला लागला.

"दोनदा पैसे घेतले!" तो ओरडला. "दोनदा! अन् गाडी हाय तशीच! माझं दूध नासलं, त्याचे कोण देईल? दुकान हाय का लुटायचा धंदा?"

माणसं जमली. मालक खाली बसले. "मार."

मी मारलं. गाडी कण्हली, मग नुसती कट-कट. मी वाट बघत राहिले, पण मालक "बस" म्हणेनात. ते नुसते इंजिनाकडं बघत होते. त्यांना काही सुचत नव्हतं, आणि मला पहिल्यांदा कळेना अंगठा सोडू का धरू.

मागं पोत्याचा आवाज झाला. लातूरवाली उठली. तिनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि सगळ्या बाजारासमोर म्हणाली, "दादा, मीटर तुम्ही धरा. मी मारते."

माझा हात मुठीवरच होता. तिनं आपला हात शेजारी ठेवला. मला सरकावं लागलं. माझ्या बटनावर तिचा अंगठा आला. तिची नखं स्वच्छ होती, तेवढंच मला दिसत राहिलं.

"कुठं धरू?" मालकांनी विचारलं. सरळ तिलाच.

"काळी बॅटरीच्या मायनसला. लाल इंजिनाला, जिथं चकचकीत लोखंड दिसतंय तिथं. हं, मारते आता. किती?"

"दीड. दीडच्या वरच."

"तिथं काहीच यायला नको, दादा. बॅटरी बी बरी, मोटर बी बरी. परतीची वाट बंद हाय. वीज मोटरीत जाती, पण बॅटरीला माघारी यायला तिला रस्ता न्हाई."

मग तिनं जुनी जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं मालकांच्या हातात दिलं आणि इंजिनाला टेकवून धरायला सांगितलं. पुन्हा मारलं. गाडी अशी उठली की जवळ उभी पोरं मागं सरली.

"उठली की रं!" कुणीतरी म्हणालं.

"आता खरा रस्ता कुठं मोडलाय तो शोधायचा," ती म्हणाली. सीट काढली. बॅटरीची काळी वायर गाडीच्या सांगाड्याला जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं वेल्डरनं तोच बोल्ट खोलून दुधाच्या चौकटीची पट्टी बसवली होती. पट्टी गंजू नये म्हणून तिला वरून खालून लाल रंग मारलेला. आणि त्या रंगावर वायर ठेवून बोल्ट आवळलेला. वरून रोज दूध सांडायचं, रोज पाण्यानं धुवायचं. वायरीच्या कडीवर हिरवटपांढरी खपली धरली होती.

"रंग तर मीच मारायला लावला होता," दूधवाला म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "चांगला दोन हात."

"रंगातून वीज जात न्हाई, मामा."

चहावाला म्हातारा हसला. "म्हणजे नटवली म्हणून आजारी पडली म्हणायची!"

पॉलिश पेपरनं रंग खरवडून लोखंड उघडं केलं, कडी घासली, बोल्ट आवळला. ते सगळं दोघांनी मिळून केलं, तिनं आणि मालकांनी. मी शेडच्या खांबाला टेकून बघत होते. काम झाल्यावर मालक हात पुसत तिला म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं."

बाकीचं सगळं मी गिळलं असतं. पण संसाराच्या एवढ्या वर्षांत मालकांनी मला कधी "हे मला ठाऊक नव्हतं" असं म्हटलेलं नाही. ते मी जपून ठेवण्यासारखं होतं, आणि ते तिला मिळालं.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आत्याबाई उंबऱ्यावरच बसल्या होत्या. "भायासमोर पदर टाकला म्हणं हिनं? भर बाजारात?"

मी मुकाट्यानं पीठ मळायला घेतलं. मनात म्हटलं, आता हिचं दुकान बंद. आता हिला घरी बसवतील. भाकरीवर हात पडत होता तो फार हलका पडत होता.

आत्याबाईंनी मालकांकडून आणि लातूरवालीकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कामात पदर आडवा येत असंल तर खोचावा. त्याला काय. पण माझे गुडघे गेलेत. दोघी दोघी दुकानात जाऊन राहिल्या, घरात पाणी द्यायला कुणी न्हाई. उद्यापासून एकीनं घरी राहायचं."

"कुणी?" लातूरवालीनं विचारलं.

"जिचं तिथं काम जास्त, ती जाईल. दुसरी घरी."

दुसरी म्हणजे मी, हे सांगायची गरजच नव्हती. तव्यावरची भाकरी करपली तरी माझ्या लक्षात आलं नाही.

जेवताना मालक म्हणाले, "त्या दूधवाल्याचे बॅटरीचे अन् कार्बनचे पैसे माघारी द्यायचे. त्याला नको होतं ते आपण घालायला लावलं. बॅटरीवाला वापरलेली माघारी घेत न्हाई. हातात तर काही न्हाई. दर बाजारी थोडे थोडे देऊ."

मला कुठून बळ आलं माहीत नाही. "कार्बन मी म्हणले होते," मी म्हणाले. "मीटरचा निरोप बी माझ्याच तोंडून अर्धा गेला. त्याचे पैसे मी माझ्या हातानं देणार. फिटेस्तोवर मी दुकानात येणार."

घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, "आता गं बया, हिला आवाज हाय की! बरं. तोवर पाळीनं जा. एक दिवस ही, एक दिवस ती. बाजारला दोघी. फिटले की बघू."

त्या "बघू"चं भय घेऊन मी पुढचे दिवस काढले.

माझ्या घरच्या दिवशी गल्लीतून कुणी गाडीचा सेल्फ मारला की माझा अंगठा उलथन्यावर आपोआप दाबला जायचा. कुणाची बॅटरी बसत आली, कुणाचं चोक ओढायचं राहिलं, सगळं चुलीपाशी कळायचं, आणि त्याचा काही उपयोग नसायचा. संध्याकाळी लातूरवाली यायची. तिच्या हाताला ग्रीसचा वास. बिचारी सगळं मनापासून सांगायची. आज दादा असं म्हणाले, आज दादा तसं म्हणाले. तिच्या एकेका "दादा"ला माझी भाकरी परातीत जोरानं थापली जायची. तिनं लपवून ठेवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

दूधवाला दारोदार जाणारा माणूस. त्यानं गावोगाव सांगितलं की मुखेडचा मिस्त्री चुकला तर पैसे माघारी देतो. नवी गिऱ्हाइकं यायला लागली. आली ती हे विचारत, "मीटरवाली बाई कोणती?" माझ्या पाळीच्या दिवशी कुणी असं विचारलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मालक म्हणायचे, "ती उद्या हाय." काही जण उद्या येतो म्हणून निघूनही जायचे.

एका बाजारी तीच म्हणाली, "अक्का, शिका ना मीटर. अवघड न्हाई."

"मला कशाला?" मी म्हणाले. दोन बाजार मी तसंच म्हणत राहिले. तिसऱ्या बाजारी शिकायला बसले, कारण न शिकून माझीच जागा जाणार होती.

वायरी कुठं लावायच्या ते लगेच कळलं. अडले ते आकड्यावर. मध्ये टिंब असायचं. आमच्या वेळी चौथीत टिंबाचं गणित नव्हतं. शून्य, टिंब, दोन असं आलं की मी दोन वाचायची आणि घाबरायची. तिनं मला हसावं, म्हणजे मला तिचा राग धरता येईल, असं मला वाटत होतं. ती हसली नाही. म्हणाली, "टिंबाच्या अलीकडं रुपये, पलीकडं पैसे. शून्य रुपये अन् वीस पैसे. वीस पैशाला आता कोण विचारतंय? सोडून द्यायचे. पण दीड रुपया वाटेत हरवला तर शोधायचा का न्हाई?"

"शोधायचा," मी म्हणाले. तेव्हापासून मला टिंब चुकलं नाही. आणि तिला शिकवताही येतं, याचंही मला वाईट वाटलं.

दर बाजारी मी दूधवाल्याला पैसे द्यायची. तो न मोजता खिशात घालायचा. दुसऱ्या बाया देणं लवकर फिटावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात. मी उलटं मागत होते. थोडं राहू दे, अजून एक बाजार राहू दे.

पण फिटत आलंच. थंडी सुरू झाली होती. बाजारचा दिवस नव्हता आणि माझी पाळीही नव्हती. मी आत्याबाईंच्या गुडघ्यांना तेल लावत होते. दारात गाडी थांबली. मालक आले होते, कुणा गिऱ्हाइकाच्या गाडीवर.

"चल," ते म्हणाले.

"माझा दिवस न्हाई आज."

"दूधवाला आलाय. त्याचे शेवटचे द्यायचेत. तू देणार म्हणली होतीस ना?"

मी हात पुसून मागं बसले. बसस्टँड दिसायला लागल्यावर त्यांच्या पाठीला म्हणाले, "आज फिटले की मग?"

"काय?" वाऱ्यानं त्यांना ऐकू गेलं नाही.

मी मोठ्यानं म्हणाले. रस्त्यावर एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात बोलले नव्हते. "फिटले की मी घरीच का?"

ते थोडं पुढं गेले. एसटी वळत होती, तिला वाट दिली. मग म्हणाले, "आईला म्हणलंय मी सकाळीच. पाळी हाय तशी राहू दे म्हणलं."

"का?"

"लातूरवाली मारती तवा मला 'बस' म्हणावं लागतंय."

मला अर्धे दिवस मिळाले होते. अर्धे तिचे राहणार होते.

शेडमध्ये दूधवाला गाडीला टेकून उभा होता. कॅन भरलेले. लातूरवाली मुठीजवळच होती, तिचा हात हँडलवर.

"या वहिनी," दूधवाला म्हणाला. "पण आज असे घेणार न्हाई. थंडीचे दिवस, गाडी तासाभरापासून उभी हाय. आधी एका टिचकीत उठवून दाखवा, मग घेतो."

"अन् न्हाई उठली तर?" समोरून म्हाताऱ्यानं विचारलं.

"तर सगळे पुन्हा पहिल्यापासून!"

लातूरवालीनं हँडलवरून हात काढला. "अक्का, तुम्ही," म्हणाली, आणि मीटर घेऊन खाली बसली. इतक्या सहज तिनं ती जागा सोडली. मला तशी सोडता आली नव्हती, आणि अजून येत नाही. त्याचाही मला हेवा वाटला.

मालक इंजिनापाशी बसले. "मार."

मी मारलं.

"शून्य, टिंब, एक," लातूरवाली म्हणाली.

गाडी उठली. मालकांनी तोंड उघडायच्या आधी माझा अंगठा सुटला होता.

मी कमरेचं पाकीट काढून नोटा दूधवाल्याच्या हातात दिल्या. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मोजून घेतल्या, थुंकी लावून, एकेक. मग खिशाला बटन लावलं.

"फिटले बघा, वहिनी. सगळे फिटले."